दहा मिनिटं, एक तास, सहा तास

इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काम करते. आमच्याकडे निळ्या ड्रममधनं एक दाटसर, काचेसारखा स्वच्छ द्रव यायचा. कागदावर त्याचं नाव हातभर लांब, पण तोंडात सगळ्यांच्या 'एनपी'. मागावरून उतरलेलं ग्रे कापड पाणी पीत नाही. कापसाचं मेण असतं, त्यावर खळ बसलेली असते. थेंब टाकला तर मोत्यासारखा वर बसून राहतो. बाथमध्ये, म्हणजे कापड बुडवायच्या पाण्यात, जरासं एनपी पडलं की तेच कापड थेंब गिळून टाकतं. स्टॉपवॉच घेऊन तो थेंब किती सेकंदांत जिरतो ते मोजायचं, हे माझ्या रोजच्या कामातलं एक.

म्हणून मुलीला सातवा महिना लागलेला असताना मेडिकलमधनं आणलेल्या, दिवस जाऊ नयेत म्हणून वापरायच्या गोळीच्या पाकिटावर 'नोनॉक्सिनॉल-९, १०० मि.ग्रॅ.' वाचलं, तेव्हा मी पलंगावर बसून एकटीच हसले. नोनिल फिनॉलला इथिलीन ऑक्साइडच्या सरासरी नऊ कड्या जोडल्या की झालं नोनॉक्सिनॉल-९. म्हणजे आपला एनपीच. ड्रममधला कारखान्याचा, हा औषधाच्या दर्जाचा, एवढाच फरक. नव्या पोरांना 'हातमोजे घाला रे' म्हणून ओरडणारी मी, आणि ही गोळी कुठं ठेवायची, तर योनीत, गर्भाशयाच्या तोंडाशी.

हे पाकीट माझ्या हातात कसं आलं ते सांगते. बाळंतपणानंतर माझं हिमोग्लोबिन ९.२ होतं. त्याच्या गोळ्या संपल्या म्हणून डॉक्टर मॅडमकडे गेले होते. जाता जाता म्हटलं, "मॅडम, आता पुढचं काहीतरी बघायला पाहिजे." त्यांनी तीन प्रश्न विचारले. पाळी आली का? नाही. पोर सहा महिन्यांच्या आतलं आहे का? सातवा लागला. फक्त अंगावरचं दूध आहे का? नाचणीचं सत्त्व सुरू केलंय, वरणाचं पाणी पण देतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तुझं संरक्षण संपलं की गं. तिन्ही उत्तरं बरोबर असतील तर दूध पाजणं हा चांगला उपाय आहे, शंभरातल्या दोघींनासुद्धा दिवस जात नाहीत. पण तिन्ही. एक जरी हललं तरी भरवसा नाही."

आमच्या घरातल्या समस्त बायकांचं ठाम मत होतं, की पाळी सुरू झाल्याशिवाय दिवस जात नाहीत. माझं पण तेच. मॅडम म्हणाल्या, "बीज आधी सुटतं, पाळी त्याच्यानंतर दोन आठवड्यांनी येते. ती पहिली पाळी तुला दिसलीच नाही तर?" बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या बाईला हे कळू नये याची लाज वाटली. पण कुणी शिकवलंच नव्हतं. दहावीला तो धडा बाईंनी 'घरी वाचा' म्हणून सोडला होता.

मग त्यांनी काय काय मिळतं ते सांगितलं. कॉपर-टी. पण माझं रक्त कमी, आणि कॉपर-टीनं पहिले काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकतं, तेव्हा आधी लोह भरून काढू, मग बसवू असं त्यांचं म्हणणं. 'छाया' नावाची सरकारी गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातनं दोनदा, नंतर एकदा. 'अंतरा' इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. आणि निरोध. मला पोटात जाणारं किंवा सुईनं टोचलेलं काही नको होतं. दुधात उतरेल ही भीती. छायात हार्मोन नसतं, अंतरा दूध पाजणाऱ्या बाईला चालतं, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली, आणि भीती होती तिथंच राहिली.

त्यात नवरा चाकणला कंपनीत. शनिवारी रात्री उशिरा पोचतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. महिन्यातनं चार-पाच शनिवार-रविवारांसाठी शरीरात कायमचं काहीतरी कशाला, लागेल तेवढंच वापरावं, असा माझा हिशेब. मोबाइलवर वाचून गेले होतेच. म्हटलं, "ती आत ठेवायची गोळी असते ना?"

"फोम टॅब्लेट?" मॅडम हसल्या. "आमच्या पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, पुस्तकात दोन ओळी होत्या. पूर्वी सरकारी कार्यक्रमात वाटायचे. आता कुणी मागायला येत नाही." मग गंभीर होऊन त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं आकडे लिहिले. ते चिटोरं अजून आहे माझ्याकडे. "शंभर जोडपी धर. वर्षभर काहीच नाही वापरलं तर ८५ बायकांना दिवस जातील. नुसती ही गोळी, बायका जशी वापरतात तशी वापरली, तर २१. अगदी कागदात लिहिल्याप्रमाणे वापरली तरी १६. निरोध, जसा वापरतात तसा १३, प्रत्येक वेळी नीट वापरला तर २. कॉपर-टी, शंभरात एक पण नाही पुरी. आता तू ठरव. वापरणारच असशील तर निरोधाबरोबर वापर."

मी काय ठरवलं? मी लॅबवाली, मी त्या २१ मधली कशी असेन, असं. नीट वापरणाऱ्यांतसुद्धा सहा जणींतल्या जवळजवळ एकीला दिवस जातात, याच्याकडे मी बघितलंच नाही. आणि निरोधाचं म्हणाल तर, नवरा नाही म्हणाला नसता. पण आणायचा कुणी, ठेवायचा कुठं, आणि मुख्य म्हणजे टाकायचा कुठं? आमच्या घरचा कचरा सासूबाई वेगळा करतात.

गोळी आणायला घराजवळच्या दुकानात जाणं शक्य नव्हतं. तिथला मुलगा माझ्या दिराचा मित्र. स्टँडच्या पलीकडच्या दुकानात गेले. तिथं दोन पुरुष गिऱ्हाइकं. ती जाईपर्यंत मी क्रोसिन घेतलं, बँडेड घेतलं, बाळाची पावडर घेतली. मग हळूच नाव सांगितलं. दुकानदारानं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून दिलं. खोकल्याच्या औषधाला कुणी कागद गुंडाळतं का? रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यापायी त्यांची कॉलेजातली नोकरी गेली, पुढं मासिकावरून खटले झाले. आणि शंभर वर्षांनंतर मी नको असलेलं क्रोसिन विकत घेत होते.

आतला कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. त्याचं सार तीन आकड्यांत होतं. गोळी आत ठेवल्यावर दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे ती विरघळून पसरते. मग तिचा असर एक तास. तासाच्या आत संबंध झाला नाही, किंवा दुसऱ्यांदा करायचा असेल, तर नवी गोळी. आणि झाल्यावर सहा तास आतनं धुवायचं नाही.

काम कसं करते ते मला कागदापेक्षा बरं कळत होतं. एनपीच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं स्निग्धाला. शुक्रजंतूचं वरचं आवरण स्निग्ध पदार्थांचंच असतं. हा रेणू त्या आवरणात घुसतो, ते फाटतं, जंतू जागेवर थांबतो. कापडावरच्या मेणाशी आपण जे करतो तेच. अडचण एवढीच, की साबणाला कापड आणि मेण यांतला फरक कळत नाही. हे मला नंतर कळलं.

पहिला शनिवार. नखं कापली, हात धुतले, आडवं पडून गुडघे वर घेतले. कागदावरच्या चित्रात हे फार सोपं दिसतं. बोट जाईल तेवढं आत, असं लिहिलेलं. पहिल्या झटक्याला गोळी निम्म्यातच राहिली, पुन्हा ढकलली. मग घड्याळ. नवऱ्याला सांगितलं, "दहा मिनिटं थांब." (सासूबाईंसमोर 'अहो', खोलीत 'तू', असं आमचं आहे.)

"दहा मिनिटं काय करू?"

"बोल काहीतरी."

सहा दिवसांनी भेटलेला माणूस, त्याला दहा मिनिटं बोल म्हटलं तर त्यानं काय बोलावं? तो कंपनीतल्या फोर्कलिफ्टबद्दल सांगायला लागला. आठव्या मिनिटाला मुलगी उठली. पाजलं, ढेकर काढला, पुन्हा पाजलं, खांद्यावर घेऊन फिरवलं. ती झोपली तेव्हा सव्वा तास झाला होता. एक गोळी वाया. दुसरी ठेवायला घेतली तोवर हा घोरत होता.

सोमवारी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी एक गोळी सोबत नेली. बीकरमध्ये थोडं पाणी, वॉटर बाथ ३७ अंशाला, गोळी टाकली, स्टॉपवॉच चालू केलं. कडा फुगल्या, बारीक फेस आला. दहा मिनिटं झाली तरी मध्ये शेंगदाण्याएवढा गाभा शिल्लक. पूर्ण विरघळायला तेरा मिनिटं लागली. आता शरीराच्या आत बीकरभर पाणी नसतं हे मला कळतं, हा काही खरा प्रयोग नव्हे. पण त्या दिवसापासून मी मनाशी पंधरा मिनिटं धरली. उरलेली पाकिटं लॅबच्या लॉकरमध्येच ठेवली. तिथं एसी असतो, आणि तिथं सासूबाई येत नाहीत. शनिवारी दोन गोळ्या पर्समध्ये टाकून घरी न्यायच्या.

पुढचे दोन शनिवार सगळं जमलं. पंधरा मिनिटं, तासाच्या आत, वगैरे. तिसऱ्या वेळी मी सवयीनं उठले आणि मागच्या दारच्या बाथरूममध्ये जाऊन स्वच्छ धुऊन आले. लग्नाच्या आदल्या दिवशी मावशीनं कानात सांगितलेली ती एकच गोष्ट, "झाल्यावर लगेच धुवायचं गं." चार वर्षांची सवय. तीन आकड्यांतला तिसरा मी वाचला होता, पण अंगात भिनला नव्हता. लक्षात आलं ते बुधवारी दुपारी, एका पोरीला 'वॉश-ऑफ लवकर घेऊ नको, केमिकलला वेळ दे' असं सांगताना. शब्द तोंडातनं बाहेर पडले आणि पोटात गोळा आला.

तातडीची गोळी असते ते माहीत होतं. पण तिच्यावर ७२ तास लिहिलेलं असतं, आणि शनिवार रात्र ते बुधवार दुपार म्हणजे ७२ उलटून गेले होते. मॅडमना फोन करायची लाज वाटली. काय सांगू, धुतलं म्हणून? नंतर त्यांनी मला या न केलेल्या फोनवरून खूप बोललं. म्हणाल्या, "त्या बुधवारी आली असतीस तर कॉपर-टी बसवून टाकली असती. पाच दिवसांच्या आत बसवली तर तीसुद्धा तातडीचा उपाय म्हणून चालते, गोळीपेक्षा खात्रीची." माझा समज होता, बहात्तर तास गेले म्हणजे दार बंद.

पाळी आलेली नाही, त्यामुळं चुकली असं म्हणायलाही जागा नाही. दुसऱ्या कुठल्या बाईला तारीख तरी असते. मी तीन आठवडे थांबले आणि पहाटेच्या लघवीची किट टेस्ट केली. एक रेघ. तरी पटेना, आठवड्यानं पुन्हा केली. एक रेघ. त्या महिन्यात मला मळमळलं, चिंच खावीशी वाटली, झोप येत राहिली. सगळं मनाचं. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघायच्या, आणि त्या बघतात म्हणून मला आणखी मळमळायचं.

यानंतर आम्ही दोन्ही वापरायला लागलो, निरोध आणि गोळी. कचऱ्याचा प्रश्न नवऱ्यानं सोडवला. तो सोमवारी पहाटे कागदात गुंडाळून बरोबर न्यायचा आणि हायवेला लागल्यावर टाकायचा. हे तू आधीच का नाही सुचवलंस असं विचारलं, तर म्हणाला, "तू विचारलंस कुठं? तू थेट दहा मिनिटं थांबायलाच सांगितलंस."

जळजळ पहिल्यापासून होती, थोडी. अंगावर पाजत असताना तिथं कोरडेपणा असतोच, त्यात हे. कधीकधी रविवारी दिवसभर राहायची. नवऱ्यालाही चुरचुरायचं, पण तो बोलला नाही. मी बोलल्यावर बोलला. मग एका मंगळवारी उन्हाळी लागली. दर पंधरा मिनिटांनी लघवीला जायचं, थेंबभर व्हायची, आणि डोळ्यांत पाणी. सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. त्यांचं निदान, 'लॅबमध्ये पाणी पीत नाहीस.' गुरुवारी ताप आला तेव्हा मॅडमकडे.

लघवी तपासली, कल्चरला पाठवली, दूध पाजत असताना चालेल अशी अँटिबायोटिक दिली. मग त्यांनी विचारलं, "गोळी अजून चालू आहे का?" आणि सांगितलं. योनीत चांगले जिवाणू असतात, लॅक्टोबॅसिलस, आपल्या दह्यातल्या जिवाणूंच्या गोतातले. ते आम्ल तयार करतात आणि वाईटांना टेकू देत नाहीत. नोनॉक्सिनॉल त्यांनाही मारतं. रिकाम्या जागेत ई-कोलाय नावाचा आतड्यातला जिवाणू येतो, तिथून मूत्रमार्ग बोटभर अंतरावर. आतल्या नाजूक अस्तराचंही तेच. वारंवार वापरलं तर ते सोलवटतं. एके काळी जगभर आशा होती, की हे रसायन एचआयव्हीलाही मारेल. लॅबच्या परीक्षानळीत मारतंच. म्हणून आफ्रिकेतल्या तीन देशांत आणि थायलंडमध्ये शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर जेलची चाचणी झाली. २००२ साली तिचा निकाल छापून आला. ज्यांनी ते दिवसातनं अनेकदा वापरलं त्यांच्यात लागण कमी होण्याऐवजी वाढली होती. दार राखायला ठेवलेल्या माणसानंच भिंतीला भगदाड पाडावं तसं. म्हणून लागणीचा धोका असेल त्या बाईनं ही गोळी वापरूच नये असं आता सांगतात.

"पण मला तो धोका नाही ना मॅडम?"

"तुला उन्हाळीचा आहे. तेवढा पुरे."

मी त्यांना एनपीचं सांगितलं. आमच्याकडे ते आता बंद होत होतं. युरोपनं २००३ सालीच त्यावर बंधनं घातली, पुढं बाहेरून येणाऱ्या कापडातही त्याची मर्यादा ठरवली. सांडपाण्यात त्याचं नोनिल फिनॉल होतं आणि ते माशांच्या अंगात बाईच्या हार्मोनसारखं वागतं. एक्सपोर्टचे गिऱ्हाईक आता 'एपीईओ-फ्री' असं लेखी मागतात, एपीईओ म्हणजे या सगळ्या रसायनांचं घराणं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माशांचं राहू दे बाई. हिमोग्लोबिन कर."

११.४ आलं.

पाळी मुलीच्या दहाव्या महिन्यात आली. कधी नव्हे ते मी पाळीला 'ये बाई' म्हटलं. चौथ्या दिवशी कॉपर-टी बसवली. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. पाच-सात मिनिटं, एक जोराची कळ, मग दिवसभर पोटात दुखणं, रात्री एक गोळी दुखण्याची. पहिल्या दोन पाळ्या जास्त गेल्या, तिसरी बरी. महिन्यानं दोरा तपासायला बोलावलं होतं, तेव्हा नवरा बरोबर आला होता आणि बाहेर बाकावर मुलीला घेऊन बसला होता. कार्डावर कॉपर-टीचा प्रकार, '३८० ए', लिहिलाय, आणि काढायची तारीख, दहा वर्षांनंतरची. मुलगी तेव्हा सहावीत असेल.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्याकडे गिऱ्हाइकाचा ऑडिट झाला. शेवटचा निळा ड्रम आठवड्यापूर्वीच गेला होता, जागेवर नुसता गोल डाग होता. ऑडिटर तरुण मुलगा, पुण्याचा, हातात टॅब. त्यानं गोदाम बघितलं, लॅबमधल्या बाटल्यांवरची लेबलं एकेक वाचली, बिलं तपासली. शेवटी माझ्यापुढं कागद ठेवला. या आवारात एपीईओ असलेलं कोणतंही उत्पादन साठवलेलं नाही, अशा अर्थाचं वाक्य, खाली लॅब इनचार्जची सही.

मी सही केली, शिक्का मारला. तो गेल्यावर पर्स काढायला लॉकर उघडलं, तर मागच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्राच्या तुकड्यात, अजून तीन शिल्लक होत्या.